तण जळतं, कपाशी हिरवी कशी राहते?

प्रश्न : आमच्या शेजारच्या वावरात यंदा कपाशी उभी असताना वरून सरसकट तणनाशक मारलं. आठ-दहा दिवसांत केना, दुधी, गाजरगवत सगळं पिवळं पडून वाळलं. कपाशीला मात्र काहीच झालं नाही. तेच औषध आमच्या पंपाच्या नळीतून दोन थेंब गळलं तरी आमची कपाशी मरगळते. मग त्यांची कपाशी औषध आत घेतच नाही का? ते बियाणं इतकं चांगलं असेल तर चोरून का विकतात? त्याची सरकी खाणाऱ्या जनावरांना काही होतं का? आणि पुढच्या वर्षी त्याच कपाशीची सरकी लावली तर चालेल का?
(एक वाचक, अकोला जिल्हा)

उत्तर : कपाशी औषध आत घेत नाही, हा समज बराच पसरलेला आहे, पण तो खरा नाही. ती औषध पुरेपूर पिते. तुमच्या वर्णनावरून ते ग्लायफोसेट असावं. पॅराक्वाट मारलं असतं तर पानं दुसऱ्याच दिवशी करपली असती. आठ-दहा दिवस घेऊन, शेंड्याकडून पिवळं पाडत मारणं ही ग्लायफोसेटची रीत आहे. पानातून आत शिरलं की पानात तयार झालेली साखर ज्या नळ्यांतून मुळांकडे आणि शेंड्याकडे जाते, त्याच नळ्यांतून ते झाडभर फिरतं आणि जिथे वाढ चालू असेल तिथे साठतं : शेंड्यात, मुळांच्या टोकांशी, कळ्यांत. हराळीच्या काशा खणून ज्याची कंबर मोडली आहे त्याला या औषधाचं अप्रूप वाटतं ते याचसाठी. पानावर मारलेलं थेट काशांपर्यंत पोचतं. शेजाऱ्याच्या कपाशीतही ते तसंच मुळापर्यंत पोचलेलं असतं. पोचल्यानंतर तिथे काय घडतं, एवढाच फरक.

वनस्पतीच्या पेशींत, हरितलवकांमध्ये, शिकिमेट मार्ग नावाची एक रासायनिक साखळी सतत चालू असते. तिच्यातून फेनिलॲलनिन, टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन ही तीन अमिनो आम्लं तयार होतात. ती नसतील तर प्रथिनं बनत नाहीत. खोडाला ताठपणा देणारं लिग्निनही याच वाटेने येतं. झाड हवेतून जो कार्बन बांधतं त्यातला साधारण पाचवा हिस्सा या एका मार्गावरून जातो, असं मानतात. या साखळीतल्या एका टप्प्यावर ईपीएसपीएस नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, काम करतं. त्याच्या खोबणीत दोन रेणू येतात, जोडले जातात आणि बाहेर पडतात. ग्लायफोसेटचा रेणू त्यांपैकी एकाच्या अंगलटीचा आहे. तो त्याची जागा पटकावतो आणि तिथेच ठाण मांडतो. फवारणी पंपाच्या नोझलमध्ये बरोबर भोकाएवढा खडा अडकावा, तसं होतं : टाकी भरलेली, दांडा चालू, मागे दाब वाढतोय आणि पुढे एक थेंब नाही. मागे दाब वाढतो हेही अगदी खरं आहे. फवारलेल्या तणाच्या पानांत शिकिमेट साचत जातं, आणि औषध लागू पडलं की नाही हे प्रयोगशाळेत ते साचलेलं शिकिमेट मोजूनच ठरवतात. थोडक्यात, तण उपासमारीने मरतं. म्हणून तर इतके दिवस लागतात.

शेजाऱ्याच्या कपाशीत तिचं स्वतःचं ईपीएसपीएस आहेच, आणि फवारणीनंतर ते केन्यातल्यासारखंच बंद पडतं. पण तिच्यात आणखी एक ईपीएसपीएस बसवलेलं असतं, एका जिवाणूकडून आणलेलं. काम तेच, पण खोबणीतल्या एका जागी ग्लायसीनऐवजी ॲलनिन हे अमिनो आम्ल आहे. एवढ्याशा फरकाने ग्लायफोसेटला तिथे नीट बसता येत नाही, नेहमीच्या रेणूला मात्र येतं. घरचं विकर अडलं तरी पाहुणं विकर साखळी चालू ठेवतं. या विकरामुळे कपाशीत विष तयार होत नाही, की औषध अडवणारं कवचही नसतं.

हे पाहुणं विकर सापडलं कसं, ही हकिगत मला या सगळ्या विषयात सर्वांत रंजक वाटते. ग्लायफोसेट तण मारतं हे अमेरिकेतल्या मोन्सॅन्टो कंपनीत जॉन फ्रान्झ या रसायनशास्त्रज्ञाच्या १९७० मध्ये लक्षात आलं. १९७४ पासून ते ‘राउंडअप’ या नावाने विकलं जाऊ लागलं. ते नेमकं कुठे घाव घालतं हे कळायला १९८० उजाडलं, आणि ते दाखवलं जर्मनीतल्या स्टाइनऱ्युकेन आणि आम्राइन या दोघांनी. जागा कळल्यावर पुढची कल्पना कुणालाही सुचली असती : ही एक जागा वाचवली की अख्खं पीक वाचेल. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅल्जीन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी साल्मोनेला जिवाणूतलं बदललेलं जनुक तंबाखूत घातलं. मोन्सॅन्टोने पेटुनियाचंच विकर झाडात भरमसाट तयार करून पाहिलं. झाडं थोडीफार तगली, पण शेतात चालेल असं काही हाती लागेना. खोबण बदलून ग्लायफोसेटला बाहेर ठेवावं तर मूळ रेणूही आत धड बसत नसे, आणि विकर मंदावत असे. तण मरायच्या आधी पीकच खुरटलं, तर शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग?

शेवटी उत्तर मिळालं ते कंपनीच्याच सांडपाण्यात. लुइझियाना राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी लुलिंग इथे ग्लायफोसेट तयार करण्याचा कारखाना आहे. तिथल्या टाकाऊ पाण्यात ग्लायफोसेट पीत जगणारे जिवाणू सापडले. त्यांच्यातल्या ॲग्रोबॅक्टेरियम जातीच्या एका वाणाकडे, ज्याला सीपी-४ म्हणतात, हवं तसं विकर तयार होतं : ग्लायफोसेटला दाद न देणारं आणि कामातही चपळ. भल्याभल्या प्रयोगशाळांना जे साधत नव्हतं ते गटारातल्या जिवाणूंनी आधीच साधलं होतं. या गोष्टीकडे पुढे परत यावं लागणार आहे.

जनुक हाती आलं म्हणून काम संपत नाही. ते झाडात बसवावं लागतं, तयार होणारं विकर हरितलवकापर्यंत पोचवावं लागतं (सोयाबीनमध्ये त्यासाठी पेटुनियाच्या जनुकाचा एक तुकडा पुढे जोडला), आणि झाडाच्या प्रत्येक भागात ते पुरेसं तयार व्हावं लागतं. हे शेवटचं कलम कपाशीच्या बाबतीत चांगलंच नडलं. अमेरिकेत १९९६ मध्ये असं सोयाबीन आलं, १९९७ मध्ये कपाशी. पण त्या पहिल्या कपाशीवर वरून फवारणी करायची ती फार तर चार पानांपर्यंत. त्यानंतर फवारलं तर पानं हिरवीगार राहत आणि बोंडं गळत. पराग तयार होतात त्या भागात पाहुणं विकर कमी पडत होतं, आणि औषध तर नेमकं तिथेच साठत होतं. २००६ मध्ये ‘राउंडअप रेडी फ्लेक्स’ ही दुसरी आवृत्ती आली. तिच्यात जनुकाच्या दोन प्रती आहेत आणि ती उशिराची फवारणीही सोसते. तेव्हा नुसती पानं हिरवी दिसली म्हणून कपाशीने औषध पचवलं असं धरून चालू नका. बोंडं धरेपर्यंत थांबा.

पीक तणनाशकातून वाचवण्याचा दुसरा मार्ग औषधाची मोडतोड करण्याचा. ग्लुफोसिनेट नावाचं तणनाशक आहे. त्याचं मूळ रूप मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू स्वतःच बनवतात, आणि आपल्याच विषाने आपण मरू नये म्हणून ते निष्प्रभ करणारं ‘बार’ नावाचं जनुकही बाळगतात. हे जनुक १९८७ मध्ये बेल्जियमच्या प्लांट जेनेटिक सिस्टिम्स या कंपनीने पिकांत घातलं. दिल्ली विद्यापीठात दीपक पेंटल यांच्या गटाने तयार केलेल्या डीएमएच-११ या मोहरीतही ते आहे. तिथे त्याचं काम मुख्यतः संकरित बियाणं बनवताना आहे, पण विरोध झाला तो त्याच्या तणनाशक सोसण्याच्या गुणावरूनच. जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीने ऑक्टोबर २०२२ मध्ये या मोहरीची शिफारस केली आणि जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी परस्परविरोधी निकाल दिले.

तिसरा मार्ग तुमच्याच शेतात आहे. सोयाबीन उभं असताना तुम्ही इमॅझेथापायर फवारता, तण वाळतं, सोयाबीन राहतं. त्यात कुणी जनुक घातलेलं नाही. सोयाबीनचं झाड ते रसायन भराभर तोडून टाकतं, तणाला ते जमत नाही. मक्यावर ॲट्राझिन चालतं तेही असंच. म्हणजे तणनाशक सोसणं हा वनस्पतींचा जुना गुण आहे. प्रश्न फक्त कुठल्या पिकाला कुठलं औषध सोसतं एवढाच, आणि ग्लायफोसेट हे जवळपास कुणालाच सोसत नसल्यामुळे त्याच्यासाठी जिवाणू शोधत हिंडावं लागलं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने २०२१ मध्ये पुसा बासमती १९७९ आणि १९८५ हे भाताचे वाण आणले, तेही इमॅझेथापायर सोसतात. भाताच्याच एका जनुकात उत्परिवर्तन घडवून हे साधलं. परक्या जिवाचं जनुक नसल्याने त्यांना जीएम पिकांची परवानगी लागली नाही. शेतात घडायचं ते मात्र तेच : पीक उभं, वरून औषध, तण खाली. मला हा कायद्याचा भेद थोडा गमतीचा वाटतो. तणाला आणि मातीला जनुक कुठून आलं याच्याशी काही देणंघेणं नसतं. त्यांना अनुभव येतो तो औषधाचाच.

आणि खरा गुंता औषधाचाच आहे. तण गप्प बसत नाही.

राउंडअप रेडी सोयाबीन अमेरिकेत आलं त्याच वर्षी, १९९६ मध्ये, ऑस्ट्रेलियात ग्लायफोसेटला न जुमानणारं रायगवत आढळल्याची नोंद झाली. तिथे जीएम पीक नव्हतं. एकच औषध वर्षानुवर्षं मारलं जात होतं, एवढंच. तरीही १९९७ मध्ये मोन्सॅन्टोच्या शास्त्रज्ञांनी एका संशोधन पत्रिकेत लिहिलं की ग्लायफोसेटला दाद न देणारी तणं मोठ्या प्रमाणावर निपजणं अवघड आहे. त्यांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. आम्ही इतकी वर्षं धडपडूनही चांगली बदललेली खोबण बनवू शकलो नाही, मग तणाला आपोआप कशी जमेल? पण लुलिंगच्या सांडपाण्यातल्या जिवाणूंना ती जमली होती, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? लाखो एकरांवर, अब्जावधी रोपांवर, दरवर्षी एकच औषध मारायचं म्हणजे कारखान्याच्या गटारात जे घडलं तोच प्रयोग उघड्या शेतात मांडायचा.

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात कपाशीत पामर ॲमरँथ नावाचं तण माजलं. आपल्या माठ-राजगिऱ्याच्या कुळातलं, माणसापेक्षा उंच वाढणारं, एका मादी झाडाला लाखो बिया धरणारं. २००४-०५ च्या सुमारास ते ग्लायफोसेटला मरेनासं झालं. २०१० मध्ये त्याचं गुपित उलगडलं, तेव्हा शास्त्रज्ञही चकित झाले. त्या तणाने खोबण बदललीच नव्हती. त्याने ईपीएसपीएसच्या जनुकाच्या प्रती वाढवल्या होत्या, काही झाडांत १६० हून जास्त. खडे अडकून अडकून किती नोझल बंद पाडणार? मोन्सॅन्टोने पेटुनियात जी युक्ती करून पाहिली आणि अपुरी म्हणून सोडली, तीच या तणाने पुरी करून दाखवली. दुसरीकडे मलेशियात, आपल्या नाचणीच्या जवळच्या नात्यातल्या एका गवतात खोबण बदललेली सापडली, आधी एका जागी, नंतर दोन जागी. जे अशक्यप्राय म्हटलं होतं तेही घडलं. जॉर्जियात कपाशीच्या शेतांत पुन्हा माणसं लावून हाताने निंदणी करायची पाळी आली. आपल्याकडे पंजाब-हरियाणात गव्हातला गुल्लीदंडा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आयसोप्रोट्युरॉनला मरेनासा झाला, तेव्हा तर जीएम पिकांचं नावही नव्हतं.

यावर अमेरिकेने काय केलं? आणखी एक जनुक घातलं. डायकांबा हे जुनं तणनाशक सोसणारी कपाशी आणि सोयाबीन २०१५-१६ पासून बाजारात आली. त्यासाठीचं जनुक देणारा जिवाणू टेक्सासमधल्या डायकांबाच्या कारखान्यापाशी मिळाला होता, म्हणजे युक्तीसुद्धा तीच. पण डायकांबा वाऱ्यावर उडतं, वाफ होऊन शेजाऱ्याच्या शेतात जातं. आपल्याकडे पंप नीट न धुता उसावरचं २,४-डी कपाशीला लागलं की पानं कशी चिंचोळी, वेडीवाकडी होतात, हे तुम्ही पाहिलं असेल. तशाच जातीचं नुकसान, पण लाखो एकरांवर. २०१७ मध्ये अमेरिकेत सुमारे ३६ लाख एकर सोयाबीनला डायकांबाची झळ लागल्याचा मिझुरी विद्यापीठातल्या तणशास्त्रज्ञांचा अंदाज होता. शेजाऱ्याशेजाऱ्यांत भांडणं झाली, आणि २०२० व पुन्हा २०२४ मध्ये न्यायालयांनी या फवारणीची परवानगी रद्द केली.

आता तुमच्या ‘चोरून का’ या प्रश्नाकडे. भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली ती बीटी कपाशीला. बोंडअळी मारणारं प्रथिन तिच्यात असतं, तणनाशकाशी तिचा संबंध नाही. तणनाशक सोसणाऱ्या फ्लेक्स कपाशीच्या चाचण्या इथे झाल्या, पण मोन्सॅन्टोच्या इथल्या भागीदार कंपनीने २०१६ मध्ये आपला अर्ज मागे घेतला. त्यामुळे बोंडअळी आणि तणनाशक हे दोन्ही गुण असलेल्या ‘एचटीबीटी’ बियाण्याला १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली परवानगी नाही. ते तयार करणं, विकणं, लावणं, सगळं बेकायदा. तरीही ते गावोगाव पोचलं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. १० जून २०१९ ला तुमच्याच जिल्ह्यात, अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर इथे शेतकरी संघटनेच्या हजाराहून अधिक शेतकऱ्यांनी जमून हे बियाणं उघडपणे पेरलं. तो सविनय कायदेभंग होता. शेतकऱ्याला जगातलं तंत्रज्ञान निवडण्याचं स्वातंत्र्य हवं, ही त्यांची मागणी.

त्यांचं म्हणणं मला कळतं. कपाशीला पहिले साठेक दिवस तणापासून जपावं लागतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत पाऊस झडी लावून बसतो. डवरणी होत नाही, बैल वावरात शिरत नाही, निंदायला बाया मिळत नाहीत. मिळाल्या तरी सगळ्या गावाला एकाच आठवड्यात हव्या असतात. अशा वेळी शेजारी पंप घेऊन एका दिवसात वावर साफ करतो, तर बघणाऱ्याने काय करावं? शहरात बसून त्याला नैतिकता शिकवण्यात अर्थ नाही.

तरीही या चोरट्या बियाण्याबद्दल माझं मत वाईट आहे, आणि त्याचं कारण जनुक नाही. पाहुण्या विकराने कपाशी बिघडते असं मला वाटत नाही. बिघडते ती पुढची सगळी व्यवस्था. परवानगी नसलेल्या पाकिटावर खरा पत्ता नसतो. उगवण झाली नाही तर तक्रार कुणाकडे करणार? आत किती बिया खरोखर तणनाशक सोसणाऱ्या आहेत याचा भरवसा नसतो, आणि फवारल्यावर ठिकठिकाणी तास रिकामं पडलं की मगच ते कळतं. (पान चुरडून त्यात बुडवायची एक पट्टी मिळते, ती सीपी-४ चं प्रथिन दाखवते. कृषी खात्याचे लोक ती वापरतात.) ग्लायफोसेट कोणत्या औषधाशी आलटून पालटून वापरायचं हे कुणी सांगत नाही, कारण जे बियाणं उघडपणे विकलंच जात नाही त्याचा सल्ला तरी कोण देणार? म्हणजे पामर ॲमरँथसारखं तण आपल्याकडे निपजवायला हवी ती सगळी परिस्थिती तयार, आणि ते थोपवायला लागणारं काहीच हाताशी नाही. परवानगी द्यायची तर नियमांसकट द्या, नाही म्हणायचं तर बियाणं विकणाऱ्यांना खरोखर अडवा. सध्या चाललंय ते दोन्हींपैकी एकही नाही, आणि त्यात भरडला जातो तो पाकीट घेणारा.

विदर्भाची आणखी एक अडचण मिसिसिपीकाठी नाही. तुमच्याकडे कपाशीच्या काही तासांनंतर तुरीचं एक तास असतं, कुठे मुगाचं, उडदाचं. ग्लायफोसेट तुरीला ओळखत नाही. वरून सरसकट मारलं की तूर गेली, आणि तूर गेली की घरची डाळ गेली आणि कपाशीने दगा दिला तर हाताशी असलेला आधारही गेला. धुऱ्याकडेची तांदुळजा, घोळ, पाथरी जाते ती वेगळीच. निंदणाऱ्या बाया संध्याकाळी ओटीत जी भाजी घरी नेतात, तिचा हिशेब कुठल्याच तणनाशकाच्या पत्रकात नसतो.

कायद्याच्या चौकटीत काय आहे, हेही सांगायला हवं. साध्या बीटी कपाशीवर, तण दोन-चार पानांवर असताना, रुंद पानांच्या तणांसाठी पायरिथायोबॅक सोडियम आणि गवतांसाठी क्विझालोफॉप इथाइल फवारता येतं. दोन्हींचं तयार मिश्रणही मिळतं. कपाशी ते सोसते. मात्र तण मोठं झालं की ते फारसं लागू पडत नाही, आणि तूर त्याच्या तावडीत सापडू नये याची काळजी तिथेही घ्यावी लागते. ग्लायफोसेट उभ्या कपाशीसाठी भारतात कधीच नोंदलेलं नव्हतं. नोंद होती ती चहाच्या मळ्यांसाठी आणि बिनपिकाच्या जागांसाठी. त्यातही ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रण चालकांपुरता मर्यादित केला.

जनावरांचं विचारलंत. सरकीतलं पाहुणं प्रथिन पोटात इतर प्रथिनांसारखंच पचतं, आणि सरकीच्या तेलात तर प्रथिन जवळपास उरतच नाही. चिंता करायची तर फवाऱ्याची. शिकिमेट मार्ग माणसात आणि गाईबैलांत नाही, म्हणून ग्लायफोसेट आपल्याला तणासारखं मारत नाही. पण तेवढ्यावर ते निर्धोक ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याला ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने त्याच वर्षी आणि अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने नंतर उलट मत दिलं. पहिल्या संस्थेने विचारलं, या पदार्थामुळे कर्करोग होऊ शकतो का? बाकीच्यांनी विचारलं, माणसाच्या वाट्याला प्रत्यक्षात येतं तेवढ्याने होतो का? प्रश्न वेगळे, म्हणून उत्तरं वेगळी. तुमच्यापुरतं पाहायचं तर सर्वांत जास्त औषध येतं ते ज्याच्या पाठीवर पंप आहे त्याच्या वाट्याला. यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणी करताना शेतकरी-मजूर दगावले, ती विषबाधा कीटकनाशकांची होती. पण उघड्या अंगाने, वाऱ्याच्या तोंडावर, गळक्या पंपाने फवारण्याची सवय तणनाशक मारतानाही तीच असते. आणि फवारलेलं तण कापून गुरांपुढे टाकू नका, ते वाळलेलं नसलं तरी.

राहिलं घरची सरकी लावण्याचं. शेजाऱ्याची कपाशी संकरित आहे. समजा तणनाशक सोसण्याचं जनुक तिला एकाच पालकाकडून आलं असेल, तर तिच्या सरकीतून उगवलेल्या दर चार रोपांत साधारण तीन औषध सोसतील आणि एक जळेल. म्हणजे फवारल्यावर पाव वावर विरळ होणार. बोंडअळीचा गुणही असाच वाटला जाईल, आणि काही झाडं अळीला मोकळी सापडतील. जी उरतील ती एकसारखी नसतील : कुणी उंच, कुणी बुटकं, कुणाची बोंडं लवकर फुटतील, कुणाची महिनाभर उशिरा, आणि वेचणीला बाया लावायच्या कधी हेच ठरणार नाही. धागाही मिसळीचा येईल, आणि व्यापारी मूठभर कापूस हातात घेऊनच ते ओळखेल.